समुद्र नसलेलं कोकण

माझी लेक इथल्या शाळेत पाचवीत आहे. गेल्या फेब्रुवारीत त्यांना भूगोलात किनारपट्टीचा धडा होता. प्रत्येकाने आपल्या ओळखीच्या एका किनाऱ्याचं चित्र काढून न्यायचं होतं. वर्गात कुणी ब्रायटन काढलं, कुणी जमैका, कुणी घाना. आमच्या बाईसाहेबांनी वर 'माझ्या आईचं कोकण' असं लिहून खाली निळा समुद्र, पिवळी वाळू, वाकलेले माड आणि एक होडी काढली. चित्र छान होतं, पण माझ्यातली जुनी मास्तरीण जागी झाली.

"अगं, आपल्या गावाला समुद्र कुठे आहे?"

"नाही? पण कोकण म्हणजे कोस्ट ना?"

"हो, कोस्टच."

"मग समुद्र नसलेला कोस्ट कसा असेल?"

मी एम.ए.ला भूगोल घेतलेला, लग्नाआधी तीन वर्षं माध्यमिक शाळेत तोच विषय शिकवलेला. तरी दोन वाक्यांत उत्तर देता येईना. ते शोधायला मी कपाटातल्या जुन्या वह्या काढल्या आणि त्याच आठवड्यात दादाचं एक पाकीट क्रॉयडनला येऊन पोचलं. त्यात कुलमुखत्यारपत्राचा मसुदा होता. बाबा जाऊन दोन वर्षं झाली होती, सातबाऱ्यावर आम्हा दोघांची आणि आईची वारस म्हणून नोंद झाली होती, आणि गावच्या सड्यावरच्या आमच्या दोन एकर कातळाला गिऱ्हाईक आलं होतं. सही फक्त माझी राहिली होती.

एका बाजूला लेकीचं चित्र आणि दुसऱ्या बाजूला ते पाकीट, अशी स्वयंपाकघरातल्या टेबलावर दोन कागदं कितीतरी दिवस पडून होती. हा लेख त्या दोन्हींचं उत्तर शोधता शोधता झाला आहे.

खलाटी आणि वलाटी

आपल्यापैकी अनेकांना कोकण म्हणजे मे महिन्यातली गणपतीपुळ्याची किंवा तारकर्लीची वाळू आठवते. पण कोकणात राहणारा माणूस कोकणाचे दोन भाग करतो. समुद्रालगतची ती खलाटी आणि आत, सह्याद्रीच्या पायथ्याकडची ती वलाटी. समुद्र आणि घाट यांच्यामधली ही पट्टी साधारण ४५ ते ७५ किलोमीटर रुंद आहे. म्हणजे कोकणातल्या मोठ्या लोकसंख्येला रोज उठून समुद्र दिसत नाही. दिसतो तो डोंगर.

आमचं गाव राजापूर तालुक्यातलं, राजापूर शहराच्या पूर्वेला, अनुस्कुरा घाटाकडे जाणाऱ्या रस्त्याच्या बाजूचं. लहानपणी आम्ही समुद्र पाहिला तो सहलीत. आमचं पाणी म्हणजे पऱ्या, विहीर आणि जूनपासून सप्टेंबरपर्यंत कोसळणारा पाऊस. लंडनला वर्षाकाठी जेमतेम ६०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि आपण सगळे त्याच्या नावाने बोटं मोडतो. राजापूरकडे ३,००० मिलिमीटरच्या वर पडतो, तोही चार महिन्यांत.

खलाटी आणि वलाटी एकमेकींवाचून जगल्या नाहीत. खलाटीकडून मीठ, नारळ आणि सुकी मासळी वर यायची. वलाटीकडून तांदूळ, नाचणी, बांबू, शिकेकाई, हिरडा खाली जायचा. माझी आजी सांगायची की पावसाळ्याच्या तोंडावर डोक्यावर हारे घेऊन मासळीवाल्या चालत यायच्या, आणि सुकट-बांगड्याच्या बदल्यात पायलीने भात घेऊन जायच्या. आमच्या घरात ताजं पापलेट हा सणाचा पदार्थ होता, रोजचं कालवण सुक्या मासळीचं. इथे टूटिंगच्या दुकानात सोड्यांचं पाकीट दिसलं की मला समुद्र आठवत नाही, आजीच्या चुलीवरचं मडकं आठवतं.

समुद्रापासून २४ किलोमीटरवरचं बंदर

आता लेकीच्या प्रश्नाकडे वळते. समुद्र नसलेल्या जागेला किनारा म्हणायचं ते कशाच्या जोरावर? उत्तर आहे खाडी. कोकणातल्या नद्या आखूड आणि उताराच्या. घाटातून उड्या मारत त्या खाली येतात आणि मग भरतीचं खारं पाणी त्यांच्या मुखातून थेट आत शिरतं. जिथपर्यंत भरती पोचते आणि जिथून पुढे फक्त बैल जाऊ शकतो, तिथे बाजार उभा राहतो. महाड, चिपळूण, संगमेश्वर, राजापूर, खारेपाटण या सगळ्या गावांची जन्मकथा हीच आहे. ही बंदरं समुद्रावर नाहीत, ती वलाटीच्या उंबरठ्यावर आहेत.

या बाजारांचं वय मोठं आहे. खारेपाटणला शिलाहार राजांचे ताम्रपट सापडले. त्यातला रट्टराजाचा ताम्रपट शके ९३० चा, म्हणजे इसवी सन १००८ चा. दुसरा अनंतदेवाचा, शके १०१६ चा. त्यात ठाणे, सोपारा, चौल या बंदरांत काही जणांच्या मालाला जकात माफ केल्याची नोंद आहे. म्हणजे नऊशे वर्षांपूर्वीही आपल्याकडे बंदर होतं, जकात होती आणि ती माफ करून घेणारे वजनदार लोकही होते!

राजापूर अर्जुना आणि कोदवली या नद्यांच्या संगमावर, समुद्रापासून सुमारे २४ किलोमीटर आत आहे. आदिलशाहीच्या काळात विजापूरकडचा माल अनुस्कुरा घाटाने बैलांच्या पाठीवर उतरायचा आणि राजापूरच्या धक्क्यावरून गलबतांत चढायचा. मिरी, वेलदोडे आणि कापड परदेशी जायचं. सतराव्या शतकाच्या मध्यावर इंग्रजांनी इथे वखार घातली, पुढे फ्रेंचही आले. १६६० मध्ये सिद्दी जौहरने पन्हाळ्याला वेढा घातला तेव्हा राजापूरच्या वखारीतला हेन्री रेव्हिंग्टन तोफगोळे घेऊन सिद्दीच्या मदतीला गेला. शिवाजी महाराजांनी ते लक्षात ठेवलं. मार्च १६६१ मध्ये त्यांनी राजापूर घेतलं, वखार खणून काढली आणि इंग्रजांना कैदेत टाकलं. काही जण सुटले ते थेट १६६३ मध्ये. १६७४ मध्ये राज्याभिषेकाच्या वेळी हेन्री ऑक्झिंडन रायगडावर आला, त्याच्या कामांच्या यादीत राजापूरच्या नुकसानभरपाईचं कलम होतं. शाळेत हा प्रसंग शिकवताना मुलं टाळ्या वाजवायची. आज त्याच कंपनीच्या देशात राहून लिहिताना मला एवढंच जाणवतं की लंडनच्या व्यापाऱ्यांना ज्या गावाचं नाव माहीत होतं, ते आज आपल्यातल्या बऱ्याच जणांना ट्रेनच्या वेळापत्रकापुरतं माहीत आहे.

मग हे बंदर गेलं कुठे? दोन गोष्टी घडल्या. पहिली गाळ. उतारावरचं रान तुटलं, पावसाने माती वाहून आणली आणि खाडी भरत गेली. १८८० च्या सुमाराच्या सरकारी गॅझेटियरमध्ये नोंद आहे की अरबी गलबतं अजून थेट राजापूरशी व्यापार करतात, पण मोठी जहाजं जुन्या दगडी धक्क्यापासून तीन मैलांच्या आत येऊ शकत नाहीत. दुसरी गोष्ट रेल्वे. १८६३ मध्ये बोरघाटातून लोहमार्ग झाला, १८९१ मध्ये कोल्हापूरला गाडी पोचली. देशावरचा जो माल शतकानुशतकं घाट उतरून आमच्याकडे यायचा, तो आता गाडीत बसून परस्पर मुंबईला जाऊ लागला. आमचे पणजोबा अनुस्कुऱ्याच्या वाटेवर बैल हाकायचे. त्यांच्या हयातीतच त्यांचा धंदा बसला.

क्रॉयडनचा धक्का

हे सगळं लेकीला सांगत होते तेव्हा ती म्हणाली, "मग क्रॉयडनसारखंच की!" त्यांना शाळेत स्थानिक इतिहास शिकवतात. मी चमकले. बारा वर्षं इथे राहून मी क्रॉयडनकडे या नजरेने पाहिलंच नव्हतं.

सरे स्ट्रीटवर आपण भाजी आणतो, त्या बाजाराची सनद १२७६ ची. नॉर्थ डाउन्स या खडूच्या टेकड्या जिथे संपतात आणि जिथे झरे फुटतात, तिथे हे गाव वसलं. इथली वँडल नदी जेमतेम १४ किलोमीटरची, वँड्सवर्थला टेम्सला मिळणारी. तिच्या पाण्यावर गिरण्या चालल्या आणि काठावर कापड धुऊन त्यावर छपाई होत असे. त्या कापडाचं नाव कॅलिको, आपल्या कालिकतवरून पडलेलं. १८०३ मध्ये वँड्सवर्थपासून क्रॉयडनपर्यंत घोड्यांनी ओढायची लोखंडी रुळांची गाडी सुरू झाली. १८०९ मध्ये क्रॉयडन कालवा उघडला. लाकूड, चुना, दगड यांनी भरलेल्या होड्या २८ दरवाजे चढत-उतरत टेम्सच्या बाजूला जायच्या. आणि १८३६ मध्ये कालवा बंद! रेल्वे कंपनीने तो विकत घेतला, त्याच्या पात्रातून बऱ्याच ठिकाणी रूळ टाकले आणि १८३९ मध्ये गाडी सुरू केली. वेस्ट क्रॉयडन स्टेशन जिथे उभं आहे, तिथे कालव्याचा धक्का होता. साउथ नॉरवुडचं तळं, जिथे आपण मुलांना बदकं दाखवायला नेतो, ते त्या कालव्याला पाणी पुरवण्यासाठी बांधलेलं होतं.

क्रॉयडनने त्यानंतरही एकदा बंदर होऊन पाहिलं. १९२० पासून १९५९ पर्यंत लंडनचा विमानतळ इथे होता. १९२९ मध्ये कराचीची हवाई टपाल सेवा इथून सुरू झाली, आणि १९३२ मध्ये जे.आर.डी. टाटांनी कराचीहून मुंबईला जे टपाल नेलं, ते याच सेवेतून आलेलं होतं. विमानं मोठी झाली, धावपट्टी अपुरी पडली आणि ते बंदरही हीथ्रो-गॅटविकला गेलं.

फरक एवढाच की क्रॉयडनचं बंदर गेलं तरी रेल्वेने त्याला लंडनशी बांधून ठेवलं, माणसं इथेच राहिली. राजापूरचं बंदर गेलं आणि माणसंच निघून गेली.

मनीऑर्डरीपासून कलमांपर्यंत

ती गेली मुंबईला. गिरण्यांमधल्या कामगारांत रत्नागिरी जिल्ह्याचा वाटा फार मोठा होता. गावात राहिल्या बायका, म्हातारी माणसं आणि पोस्टमन. अर्थशास्त्राच्या पुस्तकात याला मनीऑर्डरची अर्थव्यवस्था म्हणतात. आमच्या घरी त्याला 'मुंबईचं आलं का?' एवढंच म्हणत. आजोबा लालबागच्या गिरणीत होते, पुढे बाबाही तिथेच लागले. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. बाबा वर्षभर थांबले आणि मग ट्रंक घेऊन गावी परतले.

त्यांचं पुढचं आयुष्य सरकारच्या एका चांगल्या योजनेने घडवलं. १९९० मध्ये रोजगार हमीला जोडून फळबाग लागवडीला शंभर टक्के अनुदान मिळू लागलं आणि कोकणातल्या वरकस, पडीक जमिनीवर हापूस आणि काजूची कलमं उभी राहिली. बाबांनी उतारावर खड्डे मारले, पहिली तीन वर्षं खांद्यावरून घागरींनी पाणी घातलं. वलाटीचा आंबा खलाटीच्या मागून तयार होतो. देवगडचा आंबा पहिला दर घेऊन जातो, आमचा पोचतो तोवर बाजार उतरलेला असतो आणि पाऊस दारात. म्हणून बाबांचा भरवसा काजूवर जास्त. मला बी.ए. आणि एम.ए. केलं ते काजूने, हे मी कुठेही सांगते.

मी २०१३ मध्ये लग्न होऊन इथे आले. पुढच्याच मे महिन्यात युरोपीय संघाने फळमाशीच्या कारणावरून भारतीय आंब्यावर बंदी घातली, ती उठली २०१५ च्या सुरुवातीला. लंडन रोडवरच्या दुकानदाराने हात उडवून "यंदा नाही" सांगितलं तेव्हा मी रस्त्यात उभी राहून रडले होते. बाबांना फोनवर सांगितलं तर ते हसले, "अगो, आपला आंबा तिकडे कधी जातो? जातो तो देवगडचा."

१९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली. लोकांना वाटलं, आता माणसं परत येतील. गाडीने माणसं आणली, पण गणपतीपुरती आणि मे महिन्यापुरती. बाकीचे दिवस ती त्यांना घेऊन जाण्याचं काम करते. मीही तिनेच निघाले.

कातळ आणि पाणी

आता त्या पाकिटाविषयी. दादा हा लेख वाचणार आहे. त्याला आधी वाचून दाखवला आहे आणि "लिही, खोटं काय त्यात" अशी त्याची परवानगी आहे, म्हणूनच लिहिते.

सडा म्हणजे जांभ्या दगडाचं पठार. लाखो वर्षांच्या ऊन-पावसाने मूळ खडकातली वाळू-सिलिका धुऊन नेली आणि लोह व ॲल्युमिनियम मागे राहिलं, तो जांभा. उन्हाळ्यात तव्यासारखा तापतो, गवताची काडी उगवत नाही. सातबाऱ्यावर तो पोटखराब्यात. लहानपणी वाटणीच्या भांडणात ज्याला मळ्याचा तुकडा मिळायचा तो जिंकला आणि ज्याच्या वाट्याला कातळ आला तो हरला, असं मानत. आज उलट झालं आहे. कातळ सपाट आहे, त्यावर वस्ती नाही, झाडं नाहीत. म्हणून चिरेखाणवाल्याला तो हवा, प्लॉट पाडणाऱ्याला हवा, मोठ्या प्रकल्पांनाही हवा. २०२३ च्या एप्रिलमध्ये आमच्याच तालुक्यातल्या बारसूच्या सड्यावर रिफायनरीच्या माती-परीक्षणावरून आंदोलन झालं, ते आपण सगळ्यांनी बातम्यांत पाहिलं. त्याच बारसूच्या कातळावर आदिमानवाने कोरलेली चित्रं आहेत. काशेळीला तर सुमारे अठरा मीटर लांबीचा हत्ती कोरलेला आहे. २०२२ पासून कोकणातली ही कातळशिल्पं युनेस्कोच्या संभाव्य यादीत आहेत. ज्याला आपण ओसाड म्हणत होतो, तिथे हजारो वर्षांपूर्वी कुणीतरी बसून हत्ती कोरत होतं.

आमच्या कातळावर हत्ती नाही. आमच्याकडे आलेलं गिऱ्हाईक चिऱ्यासाठी आलं होतं. दर चांगला होता. दादाचं म्हणणं सरळ होतं. आईच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन करायचं आहे, माडीचं छप्पर गळतं आहे, कातळातून आजवर एक पैसा आलेला नाही. मी फोनवर झऱ्याचा विषय काढला तेव्हा तो म्हणाला, "तुला तिकडे बसून झरा दिसतो, मला इथे आईची औषधं दिसतात." त्यावर मला बोलता आलं नाही. बारा वर्षांत मी पाच वेळा गावी गेले. तो रोज तिथे आहे.

पण झरा खरा होता. आमच्या सड्याच्या खाली, उताराच्या कुशीत, एक झरा आहे. त्याच्यावर खालच्या वाडीची विहीर चालते. बाबा मला जूनच्या पहिल्या पावसात सड्यावर न्यायचे आणि विचारायचे, "एवढं पाणी पडलं, ते गेलं कुठे?" जांभा दिसायला दगड, पण आतून जाळीदार. पाणी त्याच्या भोकांतून मुरतं, खालच्या चिकण थराला टेकतं आणि हळूहळू सरकत उताराच्या कडेला झरा होऊन बाहेर पडतं. जूनचा पाऊस आम्ही एप्रिलमध्ये प्यायचो. पुढे कॉलेजात हाच धडा मी आकृतीसह शिकले तेव्हा बाबांची आठवण येऊन हसू आलं होतं.

गंमत म्हणजे क्रॉयडनच्या टेकड्याही असंच करतात. इथल्या खडूत पाऊस मुरतो आणि वँडलचे झरे होऊन बाहेर येतो. आमच्या राजापूरजवळ उन्हाळे गावात गंगा प्रकटते. चौदा कुंडं कोरडी असतात आणि साधारण तीन वर्षांनी एकदा अचानक वाहू लागतात, काही काळाने थांबतात. अलीकडे तिचं वेळापत्रक बिघडलं आहे. तशीच इथे केटरहॅमकडून केनली-पर्लीकडे येणारी बोर्न नावाची नदी आहे. एरवी दिसत नाही, ओल्या हिवाळ्यानंतर एखाद्या वर्षी जमिनीतून उमटते. २०१४ च्या फेब्रुवारीत ती अशी उमटली की पर्लीचा भुयारी रस्ता पाणी साठवायला वापरावा लागला. आमच्याकडे गंगा आली की लोक स्नानाला जातात. इथे जुन्या काळी बोर्न आली की संकट येणार असं मानत. जमिनीच्या पोटातलं पाणी दोन्हीकडे सारखंच, माणसांनी त्याचा अर्थ वेगवेगळा लावला.

मे महिन्यात मी लेकीला घेऊन गावी गेले. दादाने आम्हाला शेजारच्या वाडीचा सडा दाखवला, जिथे दोन वर्षांपूर्वी खाण सुरू झाली. रुळांवर सरकणारं यंत्र, गोल पात्याचा कर्कश आवाज, तांबडी धूळ, आणि जमिनीत चौकोनी तळ्यांसारखे कापलेले खड्डे. खालच्या विहिरीला त्या उन्हाळ्यात पाणी नव्हतं, टँकर येत होता. खाणीमुळेच आटली असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही, पाऊसही लवकर गेला होता. पण आमच्या झऱ्याला मनगटाएवढी धार होती. दादा बराच वेळ तिच्याकडे बघत उभा राहिला. मग म्हणाला, "यंदा खालच्या वाडीतले लोक रात्री येऊन भरतात. मी काही बोलत नाही."

त्या रात्री खळ्यात बसून आम्ही तिघं बोललो. आई म्हणाली, "तुम्ही दोघं भांडू नका, मला बाकी काही नको." आमचं भांडण झालंही, थोडं. आपल्या राज्यात १९९४ मध्येच आणि देशभर २००५ मध्ये मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतका हक्क मिळाला. पण हक्क सांगणारी बहीण आणि रोज आईला दवाखान्यात नेणारा भाऊ, यांत कुणाचं माप जड हे कायद्यात लिहिलेलं नाही. शेवटी ठरलं ते असं : घर आणि कलमांची बाग यांवरचा माझा हक्क मी दादाच्या नावे सोडायचा. कातळ आम्हा तिघांच्या नावावर तसाच राहील, एकाच्या सहीने विकता येणार नाही. आईच्या ऑपरेशनचा आणि छपराचा अर्धा खर्च माझा. त्यासाठी मी सप्टेंबरपासून इथल्या मुलांच्या शिकवण्या सुरू केल्या आहेत. बारा वर्षांनी हातात पुन्हा खडू आला, तोही त्या कातळामुळे. हक्कसोडपत्रापुरतं कुलमुखत्यारपत्र ऑल्डविचला जाऊन साक्षांकित केलं आणि पाठवलं.

दादा पूर्ण खूश आहे असं नाही. हातचं गिऱ्हाईक गेलं, आणि ते आता आमच्या वरच्या अंगाला असलेल्या चुलत्यांच्या कातळाची बोलणी करतं आहे. तो सडा गेला तर आमचा दोन एकराचा तुकडा एकट्याने किती पाणी धरेल, हे मला आकृती काढूनही सांगता येणार नाही. पण जुलैत दादाने खालच्या वाडीतल्या दोघांना सोबत घेऊन चुलत्यांकडे चहाला जाणं सुरू केलं आहे. पुढे काय होतं ते बघू.

लेकीने शाळेसाठी दुसरं चित्र काढलं. या वेळी डोंगर-उताराचा छेद. डावीकडे समुद्र, मग खाडी, धक्का, बाजार, सडा, त्याच्या पोटातून निळी रेघ, झरा, विहीर आणि उजवीकडे घाट. वाळू आणि माड डावीकडच्या कोपऱ्यात गेले. वर्गात बाईंनी विचारलं, यात किनारा कुठे आहे? ती म्हणाली, "सगळाच."

मंडळी, आपल्यापैकी अनेकांकडे असं एखादं पाकीट येणार आहे, काहींकडे आलंही असेल. या दिवाळीत गावी फोन कराल तेव्हा फराळाची चौकशी झाल्यावर आई-वडिलांना एवढं विचारून ठेवा : आपली जमीन खलाटीत की वलाटीत, तिच्यावर पडलेलं पाणी जातं कुठे, आणि ते कोण पितं? सही करायची की नाही हे ज्याचं त्याने ठरवावं. पण उत्तर ऐकून मग करावी.

सर्वांना दीपावलीच्या मनःपूर्वक शुभेच्छा!